चौथा दिवस पावणीचा

नाओको,

तू गेलीस हे कळलं तेव्हा मी बटाटे सोलत होते, आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं माहितीय? "असं कसं, आमचं भांडण अजून मिटलं नाही." फोनवर तुझा भाऊ होता. केंजीरावांना जेवढं मराठी येतं तेवढ्यात मरणाची बातमी सांगता येत नाही, म्हणून त्यांनी कारखान्यात शिकलेलं वाक्य वापरलं. म्हणाले, "ताई, नाओको बंद झाली." यंत्र थांबल्यावर फिटर लोक म्हणतात ना, तसं. मी रडायच्या ऐवजी हसले आणि मग हसता हसता रडले. तुला ते आवडलं असतं. तू म्हणाली असतीस, बंद केलेलं यंत्रसुद्धा थोडा वेळ आवाज करत राहतं, ऐक.

तिकडच्या पेपरांत तुझ्याबद्दल पानंच्या पानं आली असतील. कधी जन्मलीस, किती बक्षिसं मिळाली, कुणाकुणाबरोबर गायलीस. ते त्यांनी लिहावं. माझ्याकडची नाओको निराळी आहे. ती मार्चच्या उन्हात वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दारात उभी आहे, खांद्याला काळा डबा, हातात माइक, आणि मला खुणेनं सांगतेय की पीठ चाळत राहा.

आमचे हे तेव्हा कारखान्यात फिटर. केंजीराव नवीन यंत्र बसवायला जपानहून आले होते, आणि त्यांची बहीण हवापालटाला म्हणून मागनं आली. मी शाळेत मास्तरीण होते, सुट्टीच्या दिवशी दाराशी बसून पीठ चाळत होते. परदेशी बाई आपल्याला टिपून घेतेय म्हटल्यावर मी पदर सारखा केला, मान ताठ केली, आणि घरात होतं नव्हतं तेवढं सगळं पीठ चाळलं. गव्हाचं संपलं तेव्हा ज्वारीचंही चाळलं. नंतर तू मला हेडफोन दिलास. त्यात मी नव्हतेच. नुसती चाळण. मी इतका वेळ चेहरा हसरा ठेवून बसले होते तो कुणासाठी, असं मला झालं.

तेव्हाची मी म्हणजे कडक इस्त्रीची बाई. प्रार्थना, प्रतिज्ञा, रांग, हजेरी. माझ्या वर्गात मुलं शिंकायचीसुद्धा हात वर करून. जगातली प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या खुंटीला असावी असं मला वाटायचं, आणि खुंटी कुठली हे मी ठरवावं असंही वाटायचं. तुझ्यासारख्या बाईची माझ्याशी गाठ पडावी ही कुणाची तरी गंमतच म्हणायची.

मग कळलं की तू मोठी गायिका आहेस. केंजीरावांनी आमच्या ह्यांना चहा पिताना सांगितलं, ह्यांनी मला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत मी सगळ्या क्वार्टर्सना सांगितलं. मी तुझ्याकडं कॅसेट मागितली. पहिली छान होती. एकोणीस वर्षांची तू, टीव्हीवर झालरीचा फ्रॉक घालून गायलेलं गाणं, लाडिक, उड्या मारणारं. मला एक शब्द कळला नाही, पण दोन दिवस मी ते गुणगुणत भाकऱ्या थापल्या. तू कानांवर हात ठेवलेस. म्हणालीस, ताई, हे नको, ह्या गाण्यानं माझी पाच वर्षं खाल्ली.

दुसरी कॅसेट लावली आणि मी टेप बंद केला. मला वाटलं, फीत गुंतली. कॅसेट काढली, पेन्सिल घालून फिरवली, फुंकर मारली, परत लावली. तेच. खरखर, टकटक, मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखं काहीतरी. तू आलीस तेव्हा मी दिलगिरीनं सांगितलं की तुझी कॅसेट आमच्या धुळीनं खराब झाली. तू हसत हसत उंबऱ्यावर बसलीस. तो तुझा सगळ्यात गाजलेला रेकॉर्ड होता.

तुझी ती सगळी वाटचाल मी अशीच तुकड्यातुकड्यानं ऐकली. थोडं तुझं इंग्रजी, थोडं माझं, उरलेलं हातवारे. झालरीचा फ्रॉक टाकून तू मित्रांबरोबर यंत्रांचा बॅण्ड काढलास. तो तुफान चालला तेव्हा तो सोडलास. साबणाच्या आणि शेवयांच्या जाहिरातींना चाली दिल्यास, मग नाटकांना, सिनेमांना. मग बंदरात जाऊन जहाजांचे भोंगे टिपत बसलीस आणि लोक म्हणाले, संपली ही. तिकडच्या दुकानदारांची एकच तक्रार होती म्हणे, हिची कॅसेट कुठल्या फळीवर लावायची? गाण्यांच्या, यंत्रांच्या, का सिनेमाच्या? मी अगदी दुकानदारांच्या बाजूनं. तुला तोंडावर म्हटलं, माणसानं एक काहीतरी धरावं. तू म्हणालीस, एक गाणं पुरं झालं की त्या घरात मला उकडायला लागतं.

एवढ्यात मराठीही शिकलीस, पण माझ्याकडून नव्हे. मी 'नाही' शिकवलं, तू फिटर लोकांचं 'न्हाय' उचललंस. मी 'होय' शिकवलं, तू 'व्हय' म्हणालीस. मास्तरणीनं घोटून घेतलेलं एक अक्षर तुला चिकटलं नाही आणि वाऱ्यावरचं सगळं चिकटलं.

आता चौदा एप्रिलचा, जयंतीचा दिवस. तो आठवला की आजही मी एकटीच तोंड लपवते, आणि आज तर तो सविस्तर सांगायलाच हवा.

माझं माहेर पणदऱ्याचं. आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीला पहाटेपासून लगबग असते. झेंडा, वंदना, आणि दुपारी बायकांचा पाळणा. फुलं लावलेला पाळणा टांगायचा, त्यात फोटो ठेवायचा, आणि दोरी ओढत जन्माचा पाळणा म्हणायचा. आमच्याकडं तो माझ्या आईनं रचलेला होता. आई निरक्षर, पण बारा दिवसांची बारा कडवी तिनं स्वतः जुळवलेली. तुला कारखान्याच्या जीपमध्ये घालून मी तिकडं नेलं. जाताना माझ्या डोक्यात एकच विचार. जपानची बाई म्हणजे जन्मापासूनची बौद्ध. आम्ही छप्पन साली धम्मात आलो, ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची. हिच्या तोंडून वंदना ऐकली की आमच्या वस्तीला कसं वाटेल. तुला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. सूर्याला कुणी विचारतं का, तुला उजेड पाडता येतो का म्हणून?

मी माइकवर जाहीर केलं की आज त्रिशरण आणि पंचशील जपानहून आलेल्या आपल्या भगिनी देतील. टाळ्या पडल्या. तू उठलीस आणि कमरेतून वाकलीस. सगळी वस्ती वाकली. मी खूण केली, म्हण. तुला वाटलं, नीट वाकले नाही. तू आणखी वाकलीस, वस्ती आणखी वाकली. म्हाताऱ्यांचे गुडघे वाजायला लागले. तिसऱ्यांदा मी तुझ्या कानात 'बुद्धं सरणं' असं सुरू करून दिलं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं. तू माइक हातात घेतलास आणि सरळ सांगितलंस, "मला येत न्हाय. तुमी म्हणा, मी ऐकते." आणि जाऊन पोरांच्या मागं, शेवटच्या रांगेत मांडी घालून बसलीस.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. वस्तीला मात्र त्याचं काही नव्हतं. उलट सगळ्यांनी इतक्या सावकाश, इतकी स्वच्छ वंदना म्हटली की नवीन माणसाला शिकवतोय जणू. तशी वंदना मी परत ऐकली नाही.

दुपारी आईनं तुला पाळण्याशी बोलावलं. दोरी तुझ्या हातात दिली. आई माइकला खेटून बसली.

पहिल्या दिवशी गं उजेड आला दारी,
दाराला न्हवती कडी, शिरला की घरी

दुसरा दिवस झाला, तिसरा झाला. मग आई थांबली. नुसती थांबली. पाळण्याची कडी करकरत होती, तू दोरी ओढत होतीस, आणि आई गप्प. मास्तरीण गप्प बसते होय? मी मागनं ओरडले, "आई, चौथा राहिला. चौथ्या दिवशी शेजारणी आल्या, म्हण की." आई काहीतरी पुटपुटली आणि पाचव्यावर गेली. पुढं ती असेपर्यंत आम्ही तिला चिडवायचो, स्वतःचं गाणं विसरणारी बाई म्हणून. ती हसायची. कधी उलटून बोलली नाही.

परतीच्या वाटेवर मी तुला झापलं. बौद्ध असून वंदना येत नाही म्हणजे काय? तू शांतपणे सांगितलंस की तुमच्याकडं बाळ जन्मलं की एका देवळात नेतात, माणूस मेलं की भिक्खू येतो, आणि तुझ्या मैत्रिणींची लग्नं तर चर्चसारख्या हॉलात लागली. मला ते सहनच झालं नाही. मी म्हटलं, माझ्या बापानं एक दार बंद करून दुसरं उघडलं तेव्हा गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आम्हाला असं या घरातून त्या घरात फिरायला परवडत नाही. तू बाहेरच्या उसाकडं बघितलंस. मग म्हणालीस, माझ्यावर कुणी कधी दार लावून घेतलं नाही, म्हणून मला दारांची किंमत कळत नसेल.

तुझ्याकडून मी ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य. त्याला मी उत्तर दिलं नाही. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग बारामतीच्या अलीकडं तू डबा उघडून मला ऐकवलंस. आईचा पाळणा. तुझे डोळे चमकत होते. मला वाटलं, आईच्या गळ्यावर खूश झालीस. पण तू दाखवत होतीस ती कडीची करकर, आणि आईचा श्वास, दोन ओळींच्या मधला. तू म्हणालीस, हे मी कापून घेईन, हा श्वास इकडं, ही करकर तिकडं, त्यातून नवं बांधीन.

मी जीप थांबवायला लावली. खरंच लावली, ड्रायव्हर घाबरला. मी म्हटलं, "नाओको, आमच्या माणसांचा आवाज आत्ता कुठं पुरा ऐकू यायला लागलाय. त्याचे तुकडे करायचे नाहीत. घेतलास तर सगळा घे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न कापता. नाहीतर नको."

तू मान हलवलीस. "मग न्हाय," म्हणालीस, आणि डबा बंद केलास.

मला वाटलं, संपलं. पण तू जपानला परत गेलीस आणि दर वर्षी तुझा फोन यायला लागला. आधी शेजारच्या कंपाउंडरकडं, मग हे रिटायर होऊन आम्ही बारामतीला आलो तेव्हा घरच्या फोनवर. मधल्या काळात तू आणखी दोन घरं बदललीस, एकदा मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलंस, एकदा लहान मुलांची गाणी केलीस. कॅसेटी यायच्या, मी ऐकायचे, कुठल्या डब्यात ठेवाव्यात कळायचं नाही म्हणून सगळ्या मसाल्याच्या कपाटात. फोनवर तू आधी पाऊसपाणी विचारायचीस, आईचं विचारायचीस, आणि शेवटी म्हणायचीस, "ताई, व्हय का न्हाय?" मी म्हणायचे, "न्हाय." तू हसायचीस, फोन ठेवायचीस. एका वर्षी तू मधेच विचारलंस, ताई, पावनी म्हंजे काय? मी म्हटलं, पाहुणी, पण 'पाहुणी' म्हणायचं, 'पावणी' खेड्यातलं. तुझं मराठी सुधारायची हौस मला अजून होतीच.

आई गेली त्या वर्षी तू विचारलं नाहीस. तिकडं फोनवर गप्प बसून राहिलीस, आणि मी इकडं मिनिटाला किती पडत असेल तिला, असल्या चिंतेत. मग म्हणालीस, तिचा श्वास माझ्याकडं आहे. मला तेव्हा राग आला होता की बरं वाटलं होतं, आज सांगता येणार नाही.

आणि गेल्या वर्षीचा फोन. आवाज बारीक झाला होता तुझा. तू विचारलंस, आज काय केलंस जेवायला? मी सांगितलं, मेथीची भाजी. तू म्हणालीस, कशी करतेस? मी लसणीपासून सगळी सांगितली. तू ऐकत होतीस. व्हय का न्हाय, ते विचारलंच नाहीस. मी वाट बघत होते गं. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, पण 'न्हाय' तोंडात तयार नव्हतं एवढं खरं.

तर केंजीरावांनी बटाट्याच्या दिवशी बातमी सांगितली, आणि पाठोपाठ काम. तुझा शेवटचा रेकॉर्ड तयार आहे, त्यातलं एक गाणं माझ्या शब्दावर अडलंय. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस म्हणे, ताईला ऐकव, न्हाय म्हणाली तर पुसून टाक. त्यांनी कॅसेट पाठवली होती, चार दिवसांत आली. माझ्या एका शब्दावर आईचा आवाज जगात जाणार किंवा कायमचा पुसला जाणार. इतकी वर्षं सहज फेकलेला शब्द एकदम जड झाला.

मी कॅसेट लावली तेव्हा नात शेजारी होती, प्रज्ञा. तिला मी सांगितलं, पणजीचा आवाज आहे, गप्प बस. कडी करकरली. आई आली. पहिला दिवस, पुरा. दुसरा, पुरा. तिसऱ्यात खाली तुझा मिक्सर घरघरायला लागला, पण वर आई अख्खी, एक अक्षर न कापलेली. मला बरं वाटतंय तोवर आई थांबली, आणि नाओको, माझ्याच घरात माझाच आवाज माझ्यावर ओरडला. "आई, चौथा राहिला. चौथ्या दिवशी शेजारणी आल्या, म्हण की."

प्रज्ञा म्हणाली, "आजी, तू का ओरडतीयस तिला?"

एक अक्षर कापायचं नाही म्हटलं होतं ना मी. तू नाही कापलंस. माझं ओरडणं जसंच्या तसं, चकचकीत पुसून, अगदी मधोमध. मी डोक्याला हात लावला. आणि त्याच्या मागोमाग, जे त्या दिवशी विहारात मला ऐकू आलं नव्हतं, जे आई माइकपाशी पुटपुटली होती, ते तू जवळ आणून ठेवलंस.

"ऱ्हाऊ दे. त्यो पावणीचा हाय."

आई विसरली नव्हती. तिनं चौथा दिवस सोडला होता. ज्या बाईला सकाळी सगळ्यांसमोर 'मला येत न्हाय' म्हणावं लागलं, तिच्यासाठी गाण्यात जागा करून ठेवली होती तिनं, आणि मी त्या जागेत जाऊन उभी राहिले होते.

मग त्या जागेत कुणीतरी यायला लागलं. आधी ओळखू आलं नाही. मग कळलं, हा झालरीचा फ्रॉक आहे. तुझं ते एकोणीस वर्षांचं गाणं, ज्यानं तुझी पाच वर्षं खाल्ली, ते तू बारीक बारीक कापलं होतंस. तुकडे केलेस ते स्वतःच्या आवाजाचे. त्यांचे नुसते श्वास, हुंकार, कडीच्या करकरीवर झोके घेत. आणि त्यांच्यातून तुझा आत्ताचा आवाज आला, दमलेला, सावकाश, आमच्या वस्तीसारखा स्वच्छ. "चवथ्या दिवशी गं पावनी आली."

एवढंच. पुढं आईचा पाचवा दिवस.

टेप संपला. प्रज्ञा म्हणाली, परत लाव. आम्ही परत लावला. दुसऱ्या खेपेला ती तिसऱ्या कडव्यातल्या घरघरीवर मान हलवत होती, म्हणजे तुझी गिऱ्हाइकं इकडंही तयार व्हायला लागलीत.

संध्याकाळी मी केंजीरावांना फोन लावला. त्यांनी तुझ्यासारखंच विचारलं, "ताई, व्हय का न्हाय?" मी म्हटलं, "व्हय."  मग ते म्हणाले, कंपनीवाले सुचवतात की मधलं ते बाईचं ओरडणं काढून टाकता येईल. मी म्हटलं, एक अक्षर कापायचं नाही. जगाला कळू दे आमच्यात मास्तरणी कशा असतात. आणि पाकिटावर आईचं नाव घाला, पणदऱ्याची म्हणून.

शेवटी त्यांनी दबकत विचारलं की दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचं हे कंपनीला लिहून द्यायचंय. नाओकोचं कधीच कुणाला ठरवता आलं नाही, तुम्हीच सांगा. तुझ्या आयुष्यभराचा प्रश्न, आणि तो येऊन पडला बारामतीत माझ्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "पाळणा लिहा."

त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. पाळणा, पाळणा. माझ्या मनात आलं, एवढी घरं फिरलीस, आणि जिथं तुला उकडलं नसतं ते एक घर आईनं तुला केव्हाच देऊन ठेवलं होतं.

तिसऱ्या कडव्यातला मिक्सर मला अजून पटलेला नाही, आणि दारांचं उत्तरही तुला द्यायचं राहिलंय. पण येत्या जयंतीला मी प्रज्ञाला घेऊन पणदऱ्याला जाणार आहे. आता आईच्या जागी पाळणा मी म्हणते. पहिला म्हणेन, दुसरा म्हणेन, तिसरा म्हणेन, आणि मग थांबेन. मागनं कुणीतरी ओरडेलच, आजी विसरल्या म्हणून. ओरडू दे. नुसती कडी करकरू दे. नाओको, तेवढा वेळ मी गप्प बसणार आहे, जन्मात पहिल्यांदा.